साध्या फाइलीतला उन्हाळा

परवा कूलरचं गवत बदललं. मार्च सरत आला की ते बदलावंच लागतं. जुन्या गवतावर वर्षभराचे क्षार बसून ते पांढरं आणि कडक झालेलं असतं, हातात घेतलं की कडाकडा मोडतं. नवं गवत जाळीत दाबून बसवलं, टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं आणि तो वास आला. ओल्या लाकडाचा, थोडा रानातला, थोडा आंबूस. सोलापुरात उन्हाळ्यांना काय तोटा? इथं होळीच्या आधीपासूनच ऊन डोक्यावर बसतं. पण तो वास आला की मी दरवर्षी एकाच उन्हाळ्यात जाऊन पोचते. आमच्या घरात नुसतं ‘तो उन्हाळा’ म्हटलं तरी कुणी ‘कुठला?’ असं विचारत नाही.

त्या उन्हाळ्यात मी घराबाहेर जवळजवळ पडलेच नाही. आत्याही नाहीत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं गाव. घराच्या मागच्या बाजूला केळीची बाग, आणि बाग संपते तिथं धरणाचं पाणी. एका सकाळी मोटर चालू करायला म्हणून त्या निघाल्या आणि ओल्या बांधावरून पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सोलापूरला झालं, आणि दवाखान्यातून त्यांना सरळ आमच्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. चढवताना आत्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. दारात खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मान वळवून जिन्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “आता ह्ये कवा उतरायचं?”

माझा नवरा महेश तेव्हा राजस्थानात सोलरच्या साइटवर होता. दोन-दोन महिने त्याचं येणं व्हायचं नाही. शाळेला सुट्टी लागल्यावर मुक्ताला, आमच्या मुलीला, मी माझ्या माहेरी बार्शीला धाडून दिलं. घरात तिच्याकडं बघायला कुणाला वेळ होता? उरलो आम्ही दोघी. कूलर हॉलमध्ये होता म्हणून आत्यांची कॉट हॉलमध्ये टाकली. माझं टेबलही तिथंच, भिंतीला लावलेलं. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत होते. त्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं, कुठं अडतं ते शोधायचं आणि कळवायचं. तोंड भिंतीकडं करून मी दिवसभर स्क्रीनमध्ये बघत बसायची. आत्यांना दिवसभर माझी पाठ दिसायची.

सकाळचं ऊन जरा चढलं की आम्ही दारं-खिडक्या लावून पडदे ओढून घ्यायचो. मग आत एक तपकिरी अंधार साचायचा. कूलरची घरघर, आत्यांच्या बांगड्यांचा मधूनच आवाज, माझी बोटं कीबोर्डवर. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. भिंतीला हात लावला तर ती आतून तापलेली लागायची, ताप आलेल्या माणसासारखी. असे कितीतरी दिवस एकामागून एक आले. त्यांतला कुठला मंगळवार आणि कुठला शुक्रवार, हे मला त्या दिवसांवरून कधीच सांगता आलं नसतं. ते फक्त माझ्या फाइलीवरून कळायचं.

या फाइलीबद्दल सांगायला हवं. कंपनीनं कामं टिपायला एक झकपक ॲप दिलं होतं. रंगीत चिठ्ठ्या इकडून तिकडं सरकवायच्या, वेळ उलटली की त्या लाल व्हायच्या. फोनमध्ये गोळ्यांच्या वेळांसाठी दुसरं ॲप होतं, ते सारखं किणकिणायचं. फ्रिजवर दुधाचा आणि गॅसचा कागद. आणि पाण्याचा दिवस डोक्यात, कारण आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि तो दिवस चुकला की चुकलाच. तो एकदा खरंच चुकला. ऑफिसच्या लाल चिठ्ठ्या निस्तरण्यात मी एवढी गुंतले होते की नळ वाहून बंद झाला तरी मला पत्ता नाही. पुढचं पाणी येईपर्यंतचे दिवस आम्ही कोरड्या पिंपाकडं बघत काढले. त्यानंतर मी सगळं बंद केलं आणि कॉम्प्युटरवर एक साधी फाइल उघडली. नुसत्या अक्षरांची. तिला रंग नाही, घंटी नाही, चौकटी नाहीत. नाव दिलं ‘कामं’.

एका ओळीत एक काम. ऑफिसचं आणि घरचं एकाखाली एक, कारण ती माझ्याकडं तशीच एकाखाली एक यायची. झालं की ओळीच्या सुरुवातीला फुली. सकाळी उठलं की कालच्या बिनफुलीच्या ओळी उचलायच्या आणि आजच्या तारखेखाली चिकटवायच्या. बस. नेट नसलं तरी ती उघडायची. पासवर्ड मागायची नाही. मी काय लिहावं याबद्दल तिचं काहीच म्हणणं नसायचं. ‘लॉगिन अडकतंय, कळवणे. आत्या, सकाळची गोळी. पिंप धुणे. अहवाल. आत्या, वॉकर. डाळ भिजवणे. आत्या, पाठ पुसणे. पुण्याची मीटिंग.’ पहिले काही दिवस मला फार हलकं वाटलं. डोक्यातलं ओझं खाली उतरवून ठेवल्यासारखं.

पण ओझं उतरवून ठेवलं तरी ते समोरच होतं. आणि दर सकाळी मीच ते पुन्हा उचलून पुढच्या दिवशी ठेवत होते. फाइल कधी ओरडली नाही, लाल झाली नाही, ‘आज पुरे’ असंही कधी म्हणाली नाही. ती मुकाट्यानं वाढत गेली. हळूहळू असं झालं की फाइलीत नसलेलं मी काही करेनाशी झाले. चहा पितापिता गॅलरीत उभं राहायचं, तर ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मग उभी राहायची नाही.

आत्या सगळं बघत होत्या. त्यांना दुसरं बघायला होतंच काय?

“काय गं लिवतीस येवढं?” एकदा त्यांनी विचारलं.

“कामं लिहिते, आत्या.”

“आपिसची?”

“ऑफिसची, घरची, सगळीच.”

“लिवल्यावर व्हत्यात व्हय?”

“लिहिल्यावर लक्षात राहतात.”

त्यांनी मानेखालची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, “आमाला बांदावर उबं ऱ्हायलं की दिसायचं. ह्यो वाफा भिजला, ह्यो ऱ्हायला. दिस बुडाला की घरी यायचं. ऱ्हायल्यालं सकाळच्याला तितंच आसायचं.”

मी ‘हं’ म्हटलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. माझं कुठलंच काम कुठं बांधावर उभं राहून दिसण्यासारखं नव्हतं. ते पुण्यात होतं, हॉलमध्ये होतं, पिंपात होतं, त्यांच्या मोडलेल्या हाडात होतं.

वॉकरचं मात्र रोज भांडण. फिजिओथेरपीच्या मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. तरुण, हसऱ्या, कामाला चोख. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आजी, ज्या दिवशी तुम्ही पायऱ्या चढायला-उतरायला लागाल, त्या दिवशी तुमचं गाव तुमचं. तोवर इथंच.” मॅडमसमोर आत्या निमूट चार पावलं टाकायच्या. त्या गेल्या की वॉकर कॉटच्या पायाशी उभा. मी म्हणायची, “आत्या, उठा की.” त्या म्हणायच्या, “तुजी मिटिंग होऊ दे.” माझी मीटिंग व्हायची, त्यांचा डोळा लागलेला असायचा. दुसऱ्या सकाळी ती ओळ पुन्हा पुढच्या तारखेखाली.

एका दुपारी लाईट गेली. कूलरची घरघर थांबली आणि घर एकदम एवढं शांत झालं की दोघींनाही दचकायला झालं. नेट गेलं, ऑफिस गेलं. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि त्यावर उघडण्यासारखं एकच होतं, माझी फाइल. मी एका पुठ्ठ्यानं आत्यांना वारा घालत कॉटवर बसले.

“वाच की त्ये,” आत्या म्हणाल्या.

“काय?”

“तू लिवलंय त्ये. बगू तरी, काय काय हाय.”

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आजची तारीख वाचू लागले. ऑफिसचं थोडं, मग घरचं. आत्या गोळी. आत्या कॉटखालचं भांडं. आत्या पट्टी बदलणे. आत्या वॉकर. आत्या मॅडमना फोन. वाचता वाचता माझाच आवाज लहान होत गेला. लिहिताना ते जाणवलं नव्हतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते भलतंच वाटत होतं.

“येवढी कामं पडत्यात व्हय माजी?” आत्या म्हणाल्या.

“तसं नाही हो आत्या.”

“तसंच हाय की. कमी कर. येक येक वाच, मी सांगते काय काडायचं.”

मला वाटलं त्या चिडल्यात. पण त्या चिडल्या नव्हत्या. उशीवर जरा वर सरकून त्या खळ्यावर बसल्यासारख्या नीट बसल्या होत्या.

“गोळी,” मी वाचलं.

“ती ऱ्हाऊ दे. दुकतंय.”

“भांडं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आणि दोघींनाही हसू फुटलं. “त्ये कसं काडतीस बाई!”

“वॉकर.”

“त्यो काड.”

“काढला तर तुम्ही गावाला कधीच जाणार नाही.”

“मग ऱ्हाऊ दे.”

“पिंप धुणे.”

“पानी उद्या हाय न्हवं? ऱ्हाऊ दे.”

“अहवाल पाठवणे.”

“त्यो कुणाला लागतोय?”

“पुण्याच्या साहेबांना.”

“त्येनला काय करायचाय?”

मी विचार केला. “मला माहीत नाही.”

“मग काड की!”

“पगार थांबेल.”

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे.”

अशी आम्ही सगळी यादी वाचून काढली. पुठ्ठ्याचा वारा गरम होता, मानेवरून घाम ओघळत होता आणि आम्ही दोघी अगदी मन लावून एखादं तरी काम कमी होतंय का ते शोधत होतो. शेवटाकडं एक सापडलं. ‘मुक्ताच्या फ्रॉकला गुंड्या लावणे.’

“पोरगी बार्शीला, आन् गुंड्या हितं कशाला लावतीस?” आत्या म्हणाल्या. मी कपाट उघडून बघितलं. फ्रॉक मुक्ताबरोबर बार्शीलाच गेला होता. ती ओळ मी कितीतरी सकाळी उचलून पुढं ठेवत आले होते. ती पुसली. एवढ्या मोठ्या यादीतून आम्हाला तेवढंच काढता आलं.

लाईट आल्यावर आत्यांनी माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. मग म्हणाल्या, “तुजं नाव न्हाय आलं कुटं.”

“सगळं माझंच आहे की, आत्या. नाव कशाला लिहू?”

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कळलं नाही. संध्याकाळी त्या झोपलेल्या असताना मी फाइलीत शोधायच्या जागी ‘मी’ हे अक्षर टाकून बघितलं. कॉम्प्युटरनं इमानानं सगळे ‘मी’ पिवळे करून दाखवले. मीटिंग. विजेचं मीटर. मीठ संपलंय. पुन्हा मीटिंग.

ती फाइल अजून माझ्याकडं आहे. खाली खाली सरकत गेलं की तो उन्हाळा सापडतो. वरून बघितलं तर त्यात काहीच नाही. गोळ्या, पिंप, अहवाल. तपकिरी अंधार नाही, आत्यांचं हसू नाही. पण मे महिन्याच्या मध्यापासून एक ओळ दिसू लागते आणि रोज दिसते. ‘पुण्याला उत्तर देणे.’

कंपनीचा मेल आला होता. जूनपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात यावं, घरून काम बंद. येणार की नाही ते कळवा. मी महेशला फोन केला. तो म्हणाला, “तूच ठरव, वैशाली. मी इथून काय सांगू?” त्याच्या आवाजात दमणूक होती, त्याला दोष तरी काय देणार? मग धाकट्या दिराला फोन केला, बापूभावजींना. ते गावाकडं शेत बघतात. ते म्हणाले, “वैनी, आईला आणा की. पर हितं पायऱ्या हायत्या, संडास लांब हाय. समदी शेतात गेल्यावर तिच्याजवळ कोन?” तेही खरं होतं. सगळ्यांचंच खरं होतं. मी हे फोन स्वयंपाकघरातून, हळू आवाजात करायची. पण दोन खोल्यांच्या घरात हळू म्हणून काही नसतं.

उत्तर मी देत नव्हते. ओळ पुढं ढकलत होते. गेले तर आत्यांचं काय, न गेले तर माझं काय. नोकरी मी फार हट्टानं मिळवली होती. रात्रंदिवस भिंतीकडं तोंड करून बसणं हेच तिचं रूप असलं तरी ती माझी होती. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची एक रेघ फरशीवरून सरकत सरकत आत्यांच्या कॉटपर्यंत जायची, तिथून भिंतीवर चढायची आणि विझायची. मी ती बघायची आणि वाटायचं, या खोलीत हलणारं एवढं एकच आहे.

मग तो दिवस आला. सकाळची मीटिंग चालू होती, कानात हेडफोन. माझी पाळी येऊन गेली आणि मी सहज मागं वळून बघितलं. कॉट रिकामी. वॉकरही नाही. बाथरूमचं दार उघडं, आत कुणी नाही. आणि घराचं दार सताड उघडं.

मी हेडफोन भिरकावून धावले. वॉकर जिन्याच्या तोंडाशी उभा होता. चार पायऱ्या खाली आत्या बसलेल्या. एक हात कठड्याच्या गजाला, दुसऱ्या हातानं लुगडं गुडघ्याशी घट्ट धरलेलं. तोंड घामानं भिजलेलं. पडल्या नव्हत्या. उतरता उतरता पाय थरथरायला लागला म्हणून खाली टेकल्या होत्या, आणि आता त्यांना वरही येता येत नव्हतं आणि खालीही जाता येत नव्हतं.

“आत्या! अहो, कुठं निघाला होता?”

“बगत हुते. जमतंय का.”

“मला हाक मारायची की!”

“तुला कुटं सवड हाय? तुला पुण्याला जायाचंय न्हवं?” त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “मी खाली उतरले की तुजं समदं सुटतंय बग.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दुसरं काही करण्याचं बळच माझ्यात नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीअक्का बाहेर आल्या. त्यांचं कुटुंब यंत्रमागावरचं, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. काही न विचारता त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि आत्यांच्या पायाला हात लावून बघितला. “सूज नाही बघा,” म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही तशाच बसलो. आतून, टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. ‘वैशाली? वैशाली, आर यू देअर?’ मुंगी बोलल्यासारखा.

“तुला बोलावत्यात,” आत्या म्हणाल्या.

“बोलावू दे.”

“नोकरी जाईल की.”

“जाईल,” मी म्हटलं. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. रडूच आलं. आत्यांनी लुगड्याचा हात सोडून माझ्या पाठीवर ठेवला. दिवसभर ज्या पाठीकडं त्या बघत होत्या, त्या पाठीवर. “रडून घे,” म्हणाल्या, “मंग मला उचल.”

त्या दुपारी मी पुण्याला कळवलं की येणं जमणार नाही. त्यांनी हातातलं काम संपेपर्यंत घरून करू दिलं आणि मग संपवलं. सभ्यपणे, दोन ओळींच्या मेलमध्ये. आत्या मात्र त्या दिवसापासून खरंच उठायला लागल्या. वॉकरवरून काठीवर, हॉलमधून जिन्यापर्यंत, जिन्यावरून एकेक पायरी. मी त्यांच्या एक पायरी खाली, उलटी उतरत. कधी दुखून शिव्या द्यायच्या, हाडाला, डॉक्टरला, आमच्या बिल्डिंग बांधणाऱ्याला. श्रावण लागता लागता त्या सगळा जिना उतरल्या. बापूभावजी गाडी घेऊन आले होते. खाली उभं राहून आत्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “लई उंच हाय गं तुजं घर.” मग गाडीत बसल्या. गाडी वळेपर्यंत त्या भावजींना केळीचं काहीतरी विचारत होत्या. मान त्यांची तेव्हाच गावाकडं वळलेली होती, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

“मोकळ्या झालात बघा,” लक्ष्मीअक्का म्हणाल्या. मी हसले.

वर आले. कॉट रिकामी, टेबल रिकामं. मुक्ता शाळेत. फाइल उघडली. तिच्यात दोन-तीनच ओळी उरल्या होत्या, त्याही कधी केल्या तरी चालतील अशा. मी त्यांच्याकडं बघत बसले. ज्या मोकळेपणासाठी मी पडद्यामागं तडफडत होते, तो हॉलभर पसरला होता आणि त्यात कुठं बसावं हे मला समजत नव्हतं. मी स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. भरलेलं पिंप उघडून बघितलं.

उन्हं उतरल्यावर फोन वाजला. आत्या.

“पोचले गं. पानी लई वर आलंय, केळीपातूर.” मागून मोटरीचा आवाज येत होता, त्यांना जरा ओरडून बोलावं लागत होतं. “तू काय करतीस?”

“काही नाही, आत्या.”

“आसं? मग कर निवांत. मी ठिवते.”

फोन ठेवून मी गॅलरीत खुर्ची टाकली आणि बसले. समोरच्या गच्चीवर कुणी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं. थोडा वारा होता. थोड्याच वेळात माझे हात आपोआप उठायला लागले, कशाला तरी, कुठंतरी. मी ते दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तशीच बसून राहिले.